म्हातारीवरची जागा

२ मार्च

पोचले एकदाची. धक्क्यावर टॅक्सीतून उतरले, समोर तीन उंच डोलकाठ्या दिसल्या आणि सामान तसंच पायाशी टाकून मी पाच मिनिटं नुसती बघत उभी राहिले. टॅक्सीवाल्याला वाटलं बाईंना भोवळ आली. एकशे बारा वर्षांचं जहाज, पण अंगावर गंजाचा ठिपका नाही. पितळ असं घासलेलं की त्यात भांग पाडून घ्यावा. पूर्वी माल वाहायचं. आता दर खेपेला बावीस मुलामुलींना घेऊन महिनाभर समुद्रात जातं. मुलांनी शिडं चढवायची, दोर ओढायचे, सुकाणू धरायचं आणि मधल्या वेळात समुद्र शिकायचा. तो शिकवायला मी. जहाजाला सगळे 'म्हातारी' म्हणतात. तासाभरात मीही म्हणायला लागले.

सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण भरती-ओहोटी कायम खडूची. शाळा बंद पडल्यावर वर्षभर ताईकडे मागच्या खोलीत होते. तिथे कपाटाचा एक कप्पा माझा होता. इथे अख्खी खोली माझी. साडेसहा फूट बाय पाच, पण दाराला आतून कडी आहे. एक्कावन्नाव्या वर्षी मी आज ती कडी तीनदा लावून पाहिली. आधी इथे मास्तर राहायचे. एकतीस वर्षं याच जहाजावर शिकवलं आणि हिवाळ्यात वारले. त्यांच्या बरण्या, नकाशे, सूक्ष्मदर्शक सगळं जागच्या जागी आहे. प्रत्येक बरणीवर त्यांच्या बारीक, मागे झुकलेल्या अक्षरात चिठ्ठी.

बावीस मुलांत आमची टिल्ली आहे. ताईची मुलगी, सतरा पूर्ण. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून टिल्ली, आता माझ्यापेक्षा वीतभर उंच. परीक्षेत आपटल्यापासून खोलीबाहेर यायला तयार नव्हती. ताई तिला पाठवत नव्हती, मीच मागे लागले. मी आहे ना, म्हटलं. निघताना ताईनं तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून हात केला, नेहमीसारखा डावा. मायलेकी दोघी डावखुऱ्या. जेवायला दोघींच्या मध्ये बसलं की माझ्या एका कोपराचं काही खरं नसतं.

टिल्लीला आल्या आल्या बजावलं, इथे मला सगळ्यांसारखं 'बाई' म्हणायचं, मावशी नाही. मावशीचे लाड चाललेत असं कुणाला वाटायला नको. नाक मुरडलं, पण कबूल झाली.

४ मार्च

काल सकाळी धक्का सोडला आणि दुपारपर्यंत माझ्या पोटातलं सगळं समुद्राच्या पोटात गेलं. आज बरी आहे. निम्मी मुलं अजून आडवी आहेत, त्यामुळे पहिला तास नऊ जणांचा झाला. त्यातलेही दोघे मध्येच उठून कठड्याकडे पळाले. त्यांची गैरहजेरी लावली नाही.

जहाजावर कायमची माणसं सहा, मी धरून सात. कप्तान साठीचे, हळू बोलणारे, स्वतःच्या शर्टाची तुटलेली बटणं स्वतः शिवणारे. दोर आणि शिडं ज्याच्या शब्दावर हलतात तो तांडेल, दाराएवढा रुंद म्हातारा. आवाज मात्र तान्ह्या बाळाला झोपवावं असा. एक आचारी, एक इंजिनवाला आणि तांडेलच्या हाताखाली दोन शीडवाले. त्यांना मुलांनी लगेच लंबू आणि गोट्या करून टाकलं.

आज गाठी शिकवल्या. टिल्लीची गाठ बघून तांडेल पोट धरून हसला. डावखुरी असल्यामुळे तिची गाठ आरशात दिसावी तशी उलटी पडते. पण ओढून पाहिली तर सगळ्यांत घट्ट. मग त्यानं ती फिरवून फिरवून सगळ्यांना दाखवली. टिल्लीचे कान लाल झाले. वर्षभरात तिला कुणी शाबासकी दिलेली मी पाहिली नव्हती.

७ मार्च

आज पांढऱ्या तबकडीचा तास. ताटाएवढी तबकडी दोरानं पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोर मोजायचा; पाणी किती नितळ ते कळतं. आज एकोणीस मीटर. मुलांनी आपापसांत पैजा लावल्या, मी बघून न बघितल्यासारखं केलं. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली एका थेंबातले जीव दाखवले. एका मुलानं जाहीर केलं की यापुढे समुद्राच्या पाण्यानं तोंडही धुणार नाही.

गंमत म्हणजे मास्तरांच्या खोलीत मला काही शोधावं लागत नाही. चिमटा कुठे असेल असं मनात येतं न येतं तोच हात बरोबर त्या खणात जातो. त्यांचं आणि माझं डोकं सारखंच चालत असणार.

टिल्ली दुपारी मधल्या डोलकाठीच्या टोकापर्यंत गेली. कमरेला पट्टा असतो, तरी मी पूर्ण वेळ फळ्याकडे तोंड करून उभी होते. उतरली तेव्हा हसत होती, पाच वर्षांची असताना हसायची तशी. ताईला दाखवायला हवी होती.

१० मार्च

आज मनाला उगाच काहीतरी लागून राहिलं आहे. लिहून टाकते म्हणजे निघून जाईल.

सकाळी आचाऱ्याबरोबर बटाटे सोलत बसले होते. सहज विचारलं, घरी कोण कोण असतं. म्हणाला, आई असावी. 'असावी' म्हणजे काय, विचारलं. तर म्हणाला, बरीच वर्षं झाली बाई, नीट आठवत नाही. मी थट्टेत म्हटलं, आईचं नाव तरी आठवतं ना? त्यानं बटाटा खाली ठेवून विचार केला. खरंच विचार केला. मग हसून म्हणाला, "आपण आईच म्हणतो ना. नाव कशाला लागतंय." आणि पुन्हा सोलायला लागला. वाईट वाटल्याची रेषा चेहऱ्यावर नाही.

तो इथे आला होता एका खेपेपुरता. म्हणाला, तेव्हा म्हातारीचा आचारी नुकताच गेला होता.

११ मार्च

शिक्षकी खोड. संशय आला की पाहणी करायची. मी आज बाकीच्यांनाही गप्पांच्या ओघात विचारलं.

तांडेल एकोणिसाव्या वर्षी शिकायला आला होता, तीन आठवड्यांसाठी. इंजिनवाला एक पंप दुरुस्त करायला चढला होता. लंबू आणि गोट्या दोघंही या बावीस जणांसारखेच शिकाऊ म्हणून आले. तांडेलला आता चाळीस वर्षं झाली. कुणीही परत गेलं नाही आणि घर कुठलं हे एकालाही सांगता येईना. खोटं बोलत असते तर कळलं असतं. सव्वीस वर्षं मी खोटी कारणं ऐकून काढली आहेत. हे लोक आठवायचा प्रयत्न करतात आणि हाताला काही लागत नाही, इतकंच.

तांडेलला सरळ विचारलं की असं कसं. तो दोराचं वेटोळं घालत होता. म्हणाला, म्हातारी कुणाला बोलवत नाही बाई. एक माणूस गेला की जागा मोकळी होते. मग कुणीतरी येतं आणि त्या जागेत बसतं.

मी विचारलं, सध्या आहे का एखादी मोकळी?

"होती," तो म्हणाला. "भरली." आणि मान वर करून शिडांकडे बघायला लागला.

मीही वर पाहिलं. आडव्या काठीवर टिल्ली पोटावर झोपून शीड आवळत होती. ओठांत दोराचं टोक धरलेलं.

१३ मार्च

जेवताना मुद्दाम टिल्लीशेजारी बसले. तिनं 'बाई, मीठ द्या' म्हटलं. बाई. परक्या माणसाला म्हणावं तसं. मी तिला अंगाखांद्यावर वाढवलं आणि तिला मी मावशी असल्याचंही आठवत नाही. मी मीठ तिच्यापुढे सरकवलं. तिनं वरही पाहिलं नाही. ती लंबूशी शिडांबद्दल बोलत होती.

तळहाताला घट्टे पडलेत तिच्या. दहा दिवसांत पडतात का इतके?

१४ मार्च

आज सगळा उलगडा झाला. कसं सांगू.

टिल्ली दोर बांधत होती आणि मी पाहिलं की ती डाव्या हातानं बांधते आहे. सराईतपणे, न बघता. आमची टिल्ली उजवी आहे. हा डावा हात तिचा नाही. कुणा दुसऱ्याचा हात तिच्या खांद्यातून बाहेर यावा तसं वाटलं मला.

तिला बाजूला घेतलं. शांतपणे विचारलं, आपलं घर कितव्या मजल्यावर आहे सांग. ती हसायला लागली. मग माझा चेहरा बघून थांबली आणि म्हणाली, तिसऱ्या. मी म्हटलं नीट आठव. म्हणाली, तिसऱ्याच, बाई, काय झालंय तुम्हाला?

दुसरा मजला. मी त्या जिन्यानं रोज वर्षभर चढले-उतरले आहे.

ती विसरायला लागली आहे.

१५ मार्च

कप्तानांकडे गेले. मुलीला पुढच्या बंदरात उतरवा म्हटलं. त्यांनी सुईत दोरा ओवता ओवता ऐकून घेतलं. म्हणाले, तिला उतरायचं असेल तर आजही जहाजाचं तोंड वळवतो. मी म्हटलं, तिला नाही, मला वाटतं. त्यावर त्यांनी दोरा दातानं तोडला. मग म्हणाले, या जहाजानं कुणालाही त्याच्या मनाविरुद्ध ठेवलेलं नाही. ज्याला जायचंय तो जातो. त्यांनी हे माझ्याकडे रोखून पाहत का सांगितलं?

जहाजाच्या फोनवरून ताईशी बोलले. सांगणार काय? पोरगी चांगलं काम करते म्हणून न्यायला ये? ताई म्हणाली, काल टिल्लीशी बोलले, किती दिवसांनी तिचा आवाज मोकळा वाटला, तू होतीस म्हणून झालं गं. मग म्हणाली, तुला बरं नाही का? तुझा आवाज वेगळा येतोय.

मी म्हटलं, लाइन खराब आहे.

१७ मार्च

टिल्ली स्वतःहून खोलीत आली. दार लावून घेतलं आणि माझ्या बिछान्यावर बसली. माझ्या मनात आलं, आली माझी पोर. म्हणाली, एक विचारायचं होतं, आईशी तुम्हीच बोला. टिल्लीला पुढच्या खेपेलाही राहायचं आहे. तांडेल शिकवायला तयार आहेत.

मी विचारलं, आणि घर?

"घर कुठे पळून जातंय?" ती म्हणाली. "मला पहिल्यांदाच काहीतरी जमतंय मावशी. तू बघतेस ना?"

मावशी म्हणाली. क्षणभर वाटलं आतली टिल्ली बोलली. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, तू घाबरू नकोस, मी तुला इथून काढते. तिनं हात सोडवून घेतला. डावा. मी फार आवळला असणार, कारण तो चोळत होती. जाताना म्हणाली की मला आता तुझी भीती वाटते.

मला कळलं ते कोण बोललं.

१८ मार्च

दुपारचे तीन. थोडक्यात लिहिते.

काम करणारे हात हवेत म्हातारीला. हात नसला तर ती काय करेल? सोडून देईल. दोन दिवस याच्यापुढे विचार जात नव्हता.

खालच्या कोठाराचं लोखंडी झाकण आहे, ते उघडं धरायला एक माणूस लागतो. दोर आणायला टिल्ली खाली गेली होती. झाकण मी धरलं होतं. शिडीवरून वर येताना तिनं डाव्या हातानं काठ धरला. वर बघून मला म्हणाली, धरलंय ना नीट?

झाकण माझ्या हातून सुटलं.

सुटलं नाही. सोडलं.

१९ मार्च

चार बोटं चिरडली. इंजिनवाल्याला मलमपट्टी येते, त्यानं फळीला हात बांधला. दोन बोटं राहतील असं सांगता येत नाही म्हणाला. सगळ्यांना अपघात वाटतो. मुलं मला पाणी आणून देतात, बाई तुमची चूक नव्हती म्हणतात.

टिल्ली काहीच सांगत नाही. भिंतीकडे तोंड करून पडली आहे. मी आत गेले की तिचा श्वास थांबतो, मी बाहेर पडले की सुरू होतो. दाराबाहेरून ऐकला मी.

कप्तानांनी तोंड बंदराकडे वळवलं आहे. परवा सकाळी पोचू. ताईला कळवलं आहे, ती निघाली आहे. वाचली पोर. मी स्वतःला हेच सांगते आहे. वाचली.

२० मार्च

ताईला काय काय सांगायचं ते जुळवायला म्हणून ही वही पहिल्या पानापासून वाचली.

दोन मार्च. तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी. माझं अक्षर.

दोन मार्च. मला सगळ्यांसारखं बाई म्हणायचं. मीच सांगितलं होतं. मीच.

मायलेकी दोघी डावखुऱ्या.

चार मार्चलाही आहे. डावखुरी असल्यामुळे गाठ उलटी.

दहा वेळा वाचलं. शाई माझी, पान फाडून पुन्हा लावलेलं नाही, ते तपासलं. टिल्ली काही विसरली नव्हती. एक शब्दही नाही.

तांडेलकडे गेले. विचारलं, कुठली जागा भरली? मी काहीतरी खुळ्यासारखं विचारतेय अशा नजरेनं तो बघायला लागला. म्हणाला, मास्तरांची. दुसरी कुठली?

ती वर होती कारण तिला आवडत होतं. इतकंच होतं. ती खूश होती म्हणून मी—

तिचा हात चांगला होता. तिचा स्वतःचा होता.

२१ मार्च

बंदर. टिल्लीला दवाखान्यात घेऊन गेलो, मी आणि तांडेल. लांब कॉरिडॉर, हिरवी बाकं. मी ठरवलं आहे की ताई आली की सगळं सांगायचं. झाकण, वही, सगळं. मग ती काय करायचं ते करू दे. पोलिसांकडे नेऊ दे.

ताई संध्याकाळी येणार. मी बाकावरून हलणार नाही.

चार वाजता बघते तर मी जहाजावर आहे. खोलीत. समोर सहा बरण्या, चिठ्ठ्या लावून झालेल्या. कधी आले? तांडेल म्हणतो, तुम्ही उठलात आणि चालायला लागलात, मी हाक मारली तर म्हणालात तास बुडेल.

चिठ्ठ्यांवरचं अक्षर बारीक आहे. मागे झुकलेलं.

परत जाते. आत्ता, हे लिहून झालं की.

२२ मार्च

गेले नाही.

जाता येतं. कुणी अडवत नाही, फळी लावलेली आहे, बारा पावलांवर धक्का. कप्तानही म्हणाले, जा, आम्ही थांबतो. मी फळीवर अर्ध्यापर्यंत गेले. मग तिचं तोंड डोळ्यांसमोर आलं, वर बघणारं. धरलंय ना नीट?

मागे वळले.

आत आल्यावर थोड्या वेळानं ते गेलं. सगळंच गेलं. तासभर मी भरतीचं कोष्टक तपासत होते आणि मनात काही नव्हतं, पाण्यासारखं स्वच्छ. इतकं बरं वाटलं. मग वही हाताला लागली आणि पुन्हा सगळं—

हे जहाज काही हिसकावून घेत नाही. तुम्ही हातातलं सोडलंत तर ते ठेवून घेतं. आचाऱ्यानं काय सोडलं असेल? तांडेलनं?

विसरायचं नाही. ताई. टिल्ली. तिसरा मजला. डावा हात, झाकण, मी.

२३ मार्च

ताई आली होती धक्क्यावर. मला भेटायला. तिला अजून माहीत नाही, टिल्लीनं सांगितलेलं नाही, कुणालाच नाही. मला आत निरोप आला की बहीण आली आहे.

मी कडी लावून बसले.

ती बराच वेळ थांबली. दाराबाहेर येऊन म्हणाली, "अगं, चूक होते माणसाच्या हातून. चल घरी."

चूक.

ती जाताना जिन्यावर रडत होती.

२४ मार्च

टिल्ली. तिसरा. डावा. मी सोडलं. मी.

सकाळी हे सहा शब्द वाचले. पहिला कळला नाही. बऱ्याच वेळानं कळला. तेव्हा इतकं दुखलं की वही खाली ठेवली.

उद्या वाचायची का? वाचायलाच हवी असं काही—

मुलं चांगली आहेत या खेपेची. एकवीस.

२५ मार्च

सकाळी तबकडी सोडली, बंदरातच. जेमतेम तीन मीटर. गढूळ.

वहीची आधीची पानं कुणीतरी फार घाईत लिहिली आहेत. अक्षरही वेडंवाकडं. चाळली थोडी. कुठल्याशा घरातली भांडणं असावीत. वाचवत नाही. गरीब बिचारी कोण असेल ती.

२६ मार्च

वारा चांगला आहे. कप्तानांनी नऊला निघायचं ठरवलं. दोर सुटले.

धक्क्यावर दोघी उभ्या आहेत. एक बाई, माझ्याच वयाची, आणि एक उंच मुलगी, डावा हात बांधलेला. कप्तानांना विचारलं कोण. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सुईदोरा उचलला. त्या बाई मोठ्यानं काहीतरी म्हणत आहेत. एकच शब्द, पुन्हा पुन्हा. नाव असावं कुणाचं तरी. मुलगी चांगला हात वर करून उभी आहे, टाटा करावा की थांबवावं हे ठरत नसल्यासारखी. मीही हात केला. केला पाहिजे, लहान पोर आहे. तर तिनं तोंड झाकून घेतलं.

कुणाची वाट बघत असतील? जहाजावर तर सगळे आपलेच आहेत.

असो. मुलं येऊन बसली आहेत. आज लाटांचा धडा. लाट पुढे जाते पण पाणी जागच्या जागी राहतं, हे त्यांना आधी पटत नाही. म्हणून मी नेहमी आधी दोर हलवून दाखवते.